शुक्रवारचा हप्ता

माझा शेंगाचटणीचा धंदा आहे. सोलापुरात शेंगाचटणी करणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील, त्यामुळे यात काही मोठेपणा नाही. पण माझी चटणी कुटलेली असते. मिक्सरमध्ये फिरवली की शेंगदाण्याचं पीठ होतं, तेल सुटत नाही, आणि असली चटणी मी माझ्या नणंदेलासुद्धा देणार नाही. दाणे मी घरी भाजायची आणि गल्लीच्या टोकाला चाचांचं कांडप होतं तिथं नेऊन कुटून आणायची. एक गाळा, आत वर-खाली होणारी लोखंडी मुसळं, आणि बाहेर खुर्चीवर चाचा. सगळ्या गल्लीची मिरची-हळद तिथंच कुटली जायची.

एक दिवस चाचा म्हणाले, "बेटी, मी आता हैदराबादला लेकीकडं जाणार. ह्या ईदला नाही, पुढच्या ईदला. गाळा आणि मशीन विकणार हाय. पहिलं तुला विचारतो. तुला नको असलं तर नातेपुत्याचा एक जण कॅश घेऊन तयार बसलाय."

त्या माणसाला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं, मुसळं भंगारात जाणार होती. म्हणजे माझी चटणीही गेली. आमचे हे रिक्षा चालवतात, पण घर चालायचं ते चटणीवर, हे त्यांनाही माहीत आहे आणि मी वरचेवर आठवणही करून देते. मी तिथल्या तिथं म्हटलं, "चाचा, गाळा मीच घेणार." पैसे कुठून आणणार, हे ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं.

बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या, बोलायला गोड. माझं आधार, पॅन सगळं घेतलं, काहीतरी टाइप केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, तुमचा क्रेडिट स्कोर पाचशे बेचाळीस आहे."

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी. पण साडेसातशेच्या आसपास असल्याशिवाय तुमची फाइल वर जाणारच नाही. हप्ते थकवणाऱ्याला बँक कर्ज देत नाही."

माझं डोकं फिरलं. आयुष्यात मी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. एकच कर्ज होतं, चटणी पोचवायला घेतलेल्या स्कूटीचं, आणि त्याचा हप्ता दर पाच तारखेला खात्यातून आपोआप कापला जायचा. "मॅडम, तुमच्या मशीनला काहीतरी झालंय," मी म्हटलं. मॅडमनी मला कागद छापून दिला. त्यावर लाल खुणा होत्या. अमुक महिन्यात खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत गेला, दंडासकट उशिरा भरला. पुन्हा अमुक महिन्यात. पुन्हा.

कागद घेऊन मी तणतणत घरी आले. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दारात पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. आत्या सांगोल्याकडच्या. सगळं आयुष्य शेळ्यांमागं गेलं, सासरे गेल्यावर शेळ्या विकून आमच्याकडं राहायला आल्या. वाचता येत नाही, पण आकडे सगळे येतात आणि कॅलेंडर तर तोंडपाठ.

"आत्या, स्कूटीचे हप्ते भरले नाहीत म्हणतात बँकेत."

"भरलेत की," आत्या शांतपणे म्हणाल्या. "मीच भरलेत."

मी कागद खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले. मग हळूहळू जे बाहेर आलं ते असं. माझे हात दिवसभर तिखटाचे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या एटीएममधून पैसे काढायला मी आत्यांनाच पाठवायची. पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेला. हप्ता खात्यातून आपोआप जातो हेही मीच त्यांना कौतुकानं सांगितलेलं.

"आता शुक्रवारी घरातली लक्ष्मी भाईर जाऊ देत्यात व्हय? का अवसेला देत्यात? तुझ्या त्या बँकेला कुटं वार कळतोय. तिची पाच तारीख शुक्रवारी आली की मी आदल्या दिशी जायची आन समदं पैसं काढून आणायची. देवाम्होरं डब्यात ठिवायची. सोमवारी त्यो फायनान्सचा माणूस घरी यायचा, त्येला द्यायची. एक हप्ता चुकला न्हाय."

"आणि दंड?"

"दंड कसला? पेट्रोलचं मागायचा बिचारा. एवढ्या उनातनं यायचा. द्यायची मी पाच-सहाशे."

पाच-सहाशे रुपयांचं पेट्रोल! तो माणूस काय रोज करमाळ्याहून यायचा की काय? आणि मी कांडपावर असताना आत्या त्याला चहा पाजायच्या, वर हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या. हप्ता परत गेल्याचे मेसेज आमच्या यांच्या मोबाईलवर यायचे. यांचा मोबाईल सकाळच्या सुविचारांनी आणि फुलांच्या फोटोंनी असा गच्च भरलेला की त्यात बँकेचा मेसेज कोण शोधणार.

संध्याकाळी हे आल्यावर आम्ही जुनी कॅलेंडरं काढली आणि एकेक लाल खूण लावून बघितली. शुक्रवार. अमावास्या. शुक्रवार. एकदा तर ग्रहण होतं. यांना हसू आवरेना. मी हातातलं उलथनं आपटलं आणि कॅलेंडरवरचा पिन खोडून टाकला. आत्यांशी मी बोलायचंच बंद केलं. त्यांनी शेजारणीला सांगितलं की सूनबाईला उष्णता झालीय, तिला ताक पाज.

पुन्हा मॅडमकडं गेले. खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, "घरगुती अडचण होती. आता स्कोर वाढवायला काय करू? काटकसर करते, कुणाकडून एक पैसा उधार घेत नाही."

"तसं करून चालणार नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "उधार घेतलं नाही तर तुम्ही फेडता की नाही हे कळणार कसं?"

मला वाटलं बाई माझी थट्टा करते आहे. पण नाही, ती खरंच बोलत होती. मी माझेच वीस हजार बँकेत ठेव म्हणून ठेवायचे. बँक त्यावर मला एक क्रेडिट कार्ड देणार. म्हणजे बँक मला माझेच पैसे उधार देणार, मी ते थोडे थोडे खर्च करायचे, आणि महिन्याच्या महिन्याला परत करून दाखवायचं की बघा, मी माझे पैसे बुडवले नाहीत. जास्त वापरायचं नाही, अजिबात न वापरताही चालणार नाही. अशी वागत राहिले की बँकेला हळूहळू माझा भरवसा वाटायला लागेल. "तुम्ही लग्नाआधी नवऱ्यालाही असंच पारखता का हो?" असं विचारावंसं वाटलं. पण गरज माझी होती.

तेव्हापासून आमच्या घरात स्कोर राहायला आला.

कार्डावर घ्यायचं काय, हा पहिला प्रश्न. काटकसरीच्या घरात तसं घ्यायचं काही नसतंच. शेवटी ठरलं, रिक्षातला गॅस आणि किराणा कार्डावर, बाकी काही नाही. हे पंपावर कार्ड द्यायचे तेव्हा मान अशी ताठ करायचे की मागच्या रिक्षावाल्यांनी यांचं नाव साहेब पाडलं. बाकी सगळं कमी केलं. चहा अर्धा कप. दुधाची एक पिशवी बंद. भाजताना जे दाणे जरा जास्त काळे व्हायचे, ते विकता येत नाहीत, त्यांची चटणी घरात. सकाळी कडक भाकरी आणि काळी चटणी, रात्री कडक भाकरी आणि तीच चटणी, फक्त रात्री तिला दही लावायचं. चटणीच्या पैशांतली बचत वेगळ्या खात्यात, गाळ्यासाठी. बँक काही सगळी रक्कम देत नाही, थोडी आपली घालावी लागते.

काटकसरीत आत्या माझ्या वरचढ निघाल्या. रात्री सगळे झोपले की फ्रिज बंद करायच्या, का तर "रातच्याला त्यो कुणासाठी गार होतोय?" एकदा दोन लिटर दूध नासलं, तेही पाहुणे यायच्या दिवशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्याचं पनीर करून पाहुण्यांना वाढलं आणि पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आणि स्कोरची चौकशी रोज. सकाळी उठल्या की पहिला प्रश्न, "आज किती हाय?" घरात कुणाला ताप असल्यावर विचारतात तसा. मी म्हणायची, "आत्या, तो महिन्यातून एकदा बदलतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "किती हाय?" शेजारणीनं ऐकलं, तिला वाटलं कुणाच्या तरी परीक्षेचं काहीतरी. "किती मिळाले?" म्हणाली. आत्या म्हणाल्या, "नऊशेपैकी साडेपाचशे." शेजारीण म्हणाली, "मग पास आहे की! रडताय कशाला?" तेव्हापासून आत्यांचं ठाम मत झालं की बँकेची मॅडम पेपर लई कडक तपासते.

कार्डाचं बिल भरायचं म्हणजे वाराचा प्रश्न पुन्हा आलाच. मी ठणकावून सांगितलं, या बाबतीत एक शब्द ऐकणार नाही. आत्या म्हणाल्या, "मी कुटं न्हाय म्हणतीया? बिल आलं की बुधवारी भर. दिवा लावायच्या आत भर. आन उंबऱ्याच्या भाईर हुबारून भर." फोनवरून पाठवलेले पैसे घरातून जातात की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं पडलं की पैसे घरात नसतातच, ते बँकेत असतात. आत्यांचं म्हणणं, "बँकेत असत्यात तर तू घरात बसून कसं दितुयास?" हे रिक्षा पुसायला बाहेर गेले. शेवटी दर महिन्याला एका बुधवारी मी मोबाईल घेऊन गल्लीत उभी राहायची आणि बटण दाबायची. आत्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून "गेलं का?" विचारायच्या. गल्लीतल्या लोकांना वाटायचं आमच्या घरात रेंज येत नाही.

पण स्कोर चढायला लागला. सहाशेच्या वर गेला. मग यांच्या अंगात उत्साह संचारला. मला न सांगता हे तीन वेगवेगळ्या बँकांत जाऊन माझ्या कागदांवर "कर्ज मिळेल का" विचारून आले. प्रत्येक बँकेनं स्कोर तपासला, आणि इतक्या लोकांनी तपासला म्हणून स्कोर पुन्हा उतरला. मॅडम म्हणाल्या, "ताई, इतकी विचारणा झाली की वाटतं माणूस पैशासाठी हिंडतोय." मी म्हटलं, "मॅडम, हिंडतोच आहे." त्या रात्री यांच्या ताटात भाकरी होती, चटणीही नव्हती.

तरी वर्षभरात स्कोर पुन्हा चढला. सातशे पार केले तेव्हा आत्यांनी मोबाईलला हळदकुंकू लावलं. स्पीकरच्या जाळीत कुंकू गेलं, तेव्हापासून फोनवर सगळ्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. साडेसातशेला थोडे कमी असताना मॅडमनी फाइल वर पाठवली. "आता मधे नवीन कर्ज काही घेऊ नका," म्हणाल्या. "सोनंसुद्धा गहाण ठेवू नका. सगळं दिसतं." रमजान सुरू झाला होता. चाचा दुपारी गाळ्याचं दार अर्धं ओढून आत पडलेले असायचे. मला बघितलं की फक्त भुवई उंचावून विचारायचे, आणि मी "होतंय, चाचा" म्हणायची.

ईद झाली. चाचांचं सामान बांधून झालं. शनिवारी सकाळी टेम्पो येणार होता. आणि गुरुवारी दुपारी मॅडमचा फोन आला. सर्दीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, अभिनंदन, कर्ज मंजूर. पण स्कोर काठावर होता ना, म्हणून साहेबांनी रक्कम कमी केली. तुमच्या बाजूचे चाळीस हजार वाढतात. उद्या बँक बंद व्हायच्या आत खात्यात दिसले पाहिजेत. नाहीतर फाइल परत पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे महिना-दीड महिना. चाचा शनिवारी जाणार. मोबाईलवाला त्याच दिवशी कॅश घेऊन येणार.

चाळीस हजार. मी माझ्या भावाला फोन केला, त्याच्या घरात लग्न होतं. यांनी रिक्षावाल्या मित्रांना विचारलं, त्यांचं तर सगळ्यांचं मिळून एवढं होईना. गळ्यातलं गहाण ठेवावं तर मॅडमनी बजावलेलं. आणि विकायला गेले तर सोनाराला घाईचा वास लगेच येतो, शिवाय गळ्यातलं म्हणजे मणी धरून असं होतं किती? शुक्रवारी सकाळी मी दाणे भाजायला बसले आणि सगळी कढई करपवली. करपलेल्या दाण्यांकडे बघून मला रडू आलं. राग आला की मी आपटते, पण तेव्हा आपटायचंही बळ नव्हतं. दीड वर्ष काळी चटणी खाल्ली ती कशासाठी, तर गल्लीच्या टोकाला मोबाईलचं दुकान बघायला.

आत्या अंघोळ करून, देवपूजा करून बाहेर आल्या. त्यांची पत्र्याची पेटी असते, तिच्यात त्यांचं जुनं नऊवारी, तुळशीची माळ असलं काहीबाही. त्यातून त्यांनी एक फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मोज. चाळीस भरत्याल."

मी गाठ सोडली. जुन्या, घड्या पडलेल्या नोटा. "आत्या, हे कुठले?"

"शेळ्यांचं. माझ्या मातीसाठी ठिवलं हुतं. मी मेल्यावर तुमी कुणाम्होरं हात पसरायला नगं."

सोलापुरातल्या म्हाताऱ्या बाया असे पैसे ठेवतात, मला माहीत होतं. लाकडाचे, गड्यांचे, तेराव्याच्या जेवणाचे. पण आमच्या घरात ते आहेत हे मला माहीत नव्हतं. मला सुचलं ते भलतंच. मी म्हटलं, "आत्या, आज शुक्रवार आहे."

"म्हाईत हाय. मला काय वार कळत न्हाय व्हय?" त्या चिडल्याच. "लेकीला सासरी धाडायची येळ आली की आय वार बघत बसत न्हाय. धाडायची तर धाडायची. पर रीतीनं."

आणि त्यांनी ते रीतीनंच केलं. नोटांना हळद लावली, कुंकू लावलं. वर चार तांदळाचे दाणे टाकले. माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. पुडकं माझ्या पदरात बांधून दिलं आणि मला उंबऱ्यापर्यंत आणून म्हणाल्या, "जाते म्हणू नगंस."

मी म्हटलं, "येते, आत्या."

"मला न्हाय. तिच्या वतीनं म्हण."

मी पदरातल्या गाठीवर हात ठेवून पुन्हा म्हटलं, "येते." आणि रडत रडत रिक्षात बसले. हे रिक्षा चालवत होते, आरशात बघत नव्हते.

बँकेत कॅशियरनं नोटा मोजायच्या मशीनमध्ये घातल्या आणि मशीननं कुंकवाच्या नोटा एकेक करून बाहेर फेकल्या. "हे काय आहे हो? तांदूळ आहेत यात," तो म्हणाला. मागं रांग लागलेली. मी काउंटरवरच पदरानं एकेक नोट पुसायला लागले. कर्जाच्या टेबलावरून मॅडम उठून आल्या, त्यांनीही रुमाल काढला आणि आम्ही दोघींनी मिळून आत्यांची लक्ष्मी पुसून दिली. शेवटी कॅशियरनं हातानं मोजली. चाळीस भरले. पाच जास्तच निघाले, पण ते नाणं होतं.

संध्याकाळी बँकेनं चाचांच्या नावाचा चेक दिला आणि गाळा माझा झाला. चाचा शनिवारी गेले. जाताना मुसळांना हात लावून गेले आणि मला म्हणाले, "तेल पाजत जा हां बेटी, नहीं तो आवाज करतीं."

त्या दिवशी आत्या पहिल्यांदा मालकीण म्हणून गाळ्यात आल्या. चाचांच्या खुर्चीवर बसल्या, चारी भिंती बघितल्या. मग विचारलं, "हप्ता किती वर्सं हाय?"

"पाच."

"आन माझं पैसं तुझ्याकडनं कवा परत हुणार?"

"हप्ते फिटल्यावर, आत्या. त्याच्या आधी कुठले?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. तोंड वाकडं केलं.

"म्हंजे पाच वर्सं मला काय मरता यायचं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि मिरच्यांचं पोतं पुढ्यात ओढून देठं खुडायला बसल्या.